गद्यात सांग

आमच्या घरात रडायला मनाई नव्हती, फक्त रडणाऱ्यानं आधी रस सांगायचा अशी पद्धत होती. अण्णांची पट्टी पाठीत बसली की ते ती शांतपणे मांडीवर ठेवत आणि विचारत, "बोल, कोणता?" हुंदका गिळून "करुण" म्हणायचं. "स्थायीभाव?" "शोक." पण मार चुकवायला पळताना सापडलो असू तर करुण चालायचा नाही, तिथे भयानक, स्थायीभाव भय. या दोहोंत गल्लत झाली की पट्टी मांडीवरून पुन्हा उठायची. एकदा भर दुपारी तुमकूरहून तार आली. अम्माची आई गेली होती. अम्मा चुलीपुढे बसून हमसून हमसून रडत होती आणि अण्णा आम्हा दोघी बहिणींना स्वयंपाकघराच्या दारात उभं करून विचारत होते, "करुण रस हे तर उघडच आहे. आलंबन कोण? उद्दीपन काय?" ज्याच्यामुळे शोक होतो ते आलंबन, ज्यानं तो भडकतो ते उद्दीपन, म्हणजे आलंबन आज्जी आणि उद्दीपन तार. उत्तर बरोबर आलं. अण्णा "शाबास" म्हणाले, आणि अम्मानं पदराचा बोळा तोंडात कोंबून भात उतरवला.

अण्णा म्हणजे आमचे वडील. बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांत वडलांना अण्णा, आईला अम्मा, थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची रीत पडून गेली आहे. तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर आमचे लोक इकडे आले. फौज गेली, घोडे गेले, उरली ती घरात बोलायची भाषा, आणि तीही शेजारपाजाऱ्यांनी निम्मी आपली करून टाकलेली. अण्णांना हे फार लागायचं. ते सरकारी कचेरीत कारकून होते, पण संध्याकाळी ओट्यावर चटई टाकून मराठी साहित्याच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना अलंकार, वृत्तं आणि रस शिकवत. तरुणपणी ते स्वतः ती परीक्षा पुण्याला जाऊन देऊन आले होते. लेखी परीक्षेत पहिले आले, तोंडी परीक्षेत परीक्षक त्यांचा हेल ऐकून हसले आणि "तुम्ही कानडी का हो?" असं विचारते झाले. हे आम्हाला अम्मानं सांगितलं, अण्णांनी कधीच नाही. त्या हसण्याचा वचपा पुण्यावर काढणं काही त्यांना जमण्यासारखं नव्हतं, मग तो घरातल्या तीन बायकांवर निघत राहिला.

आम्ही कॉटनपेटेत एका वठारात राहायचो. वठार म्हणजे एका अंगणाभोवती ओळीनं भाड्याची बिऱ्हाडं, एक नळ, एक पेरूचं झाड आणि सगळ्यांच्या भिंती इतक्या पातळ की एका घरात फोडणी चुरचुरली की चौथ्या घरात ठसका लागायचा. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, मग नळावर घागरींची आदळआपट, मग रस्त्यावरून झटक्याच्या, म्हणजे टांग्याच्या, घोड्यांची घुंगरं. या सगळ्या आवाजांत कानडी, तमिळ, तेलुगू, उर्दू असं सगळं मिसळलेलं असे, आणि आमच्या उंबऱ्याच्या आत आलं की एकदम शुद्ध मराठी सुरू. अम्मा रागीचे मुद्दे आणि हुरळीचं सार फार चांगलं करायची. अण्णा ते चाटूनपुसून खायचे आणि खाता खाता म्हणायचे, "मुद्दे नव्हे. नाचणीचे उंडे. हुरळी नव्हे, कुळीथ." अम्माच्या तोंडातून "सरी, वाढते" निघालं की अण्णांचा घास हातातच थांबायचा. "सरी नव्हे, बरं." मग तिच्यावरच धडा. "तुमची अम्मा म्हशीसारखी मठ्ठ आहे. उपमेय?" "अम्मा." "उपमान?" "म्हैस." "साधर्म्यवाचक शब्द?" "सारखी." "आणि साधारणधर्म?" "मठ्ठपणा." एवढं होईस्तोवर अम्मा पळी हातात धरून उभी राहायची, कारण धडा चालू असताना वाढायचं नाही असाही एक नियम होता. हळूहळू तिनं घरात बोलणंच सोडून दिलं. शेजारच्या बायकांशी मात्र नळावर ती कानडीत खदखदून हसायची, आणि तो आवाज ऐकून मला वाटायचं की ही कोणी दुसरीच बाई आहे.

माझा नातू इथे सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये शाळेचा अभ्यास करताना धड्यात सिमिली शोधतो. सापडली की त्याची आई टाळ्या वाजवते आणि बिस्किट देते. उपमा सापडली म्हणून बिस्किट! मी अशा वेळी उठून गॅलरीत जाते. सूनबाईंना वाटतं मला गरम होतंय.

पण मला सांगायचं आहे ते अक्काबद्दल. तिचं नाव इंदू. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, सावळी, लांब वेणीची, हात असे चलाख की शेवया वळायला बसली तर नुसतं बघत राहावं. आणि बोलताना ती अडखळायची. अगदी लहानपणापासून. शब्दाचं पहिलं अक्षर तिच्या ओठांत अडकून बसायचं आणि ती ते पुन्हा पुन्हा ढकलत राहायची. वठारातली पोरं चिडवायची, त्याचं तिला फारसं काही नव्हतं. पोरं ती पोरं. एकदा ओट्यावर वर्ग चालला होता आणि अण्णांनी तिला पाण्याचा तांब्या आणायला सांगितलं. तांब्या ठेवून ती म्हणाली, "अण्णा, पा-पा-पा-पाणी." अण्णांनी वर्गाकडे वळून भुवया उंचावल्या. "एकाच वर्णाची पुन्हा पुन्हा आवृत्ती. बोला, अलंकार कोणता?" "अनुप्रास!" सगळी पोरं एका सुरात ओरडली आणि हसत सुटली. अण्णाही हसले. उदाहरण घरबसल्या मिळाल्याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता. त्यानंतर अनुप्रासाचा धडा आला की ते आत हाक मारत, "इंदू, काही तरी बोल." आणि अक्का दारात यायची, कारण न येण्याची सोय नव्हती.

तिला शाळा फार प्यारी होती. वर्गात ती तोंड उघडायची नाही, पण गणितात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. हायस्कुलात असताना तपासणीला साहेब आले आणि त्यांनी नेमकं तिलाच मोठ्यानं वाचायला उभं केलं. ते दोन परिच्छेद ती वाचत राहिली, वाचत राहिली, घंटा झाली तरी वाचत राहिली. बातमी कचेरीत अण्णांच्या कानावर गेली. "मराठी शिकवणाऱ्याची मुलगी, आणि हे," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी अक्का दप्तर घेऊन निघाली तेव्हा त्यांनी ते तिच्या खांद्यावरून काढून खुंटीला अडकवलं. तिनं खूप विनवण्या केल्या. विनवण्या करतानाही ती अडखळत होती आणि अण्णा प्रत्येक अडखळण्याला मान हलवत होते, जणू ती त्यांचंच म्हणणं सिद्ध करत होती. मला तेव्हा अण्णांचा इतका संताप आला की मी त्यांची पट्टी चुलीत घातली. दुसरी आली, पहिलीपेक्षा जाड.

शाळा सुटल्यावर घरातलं सगळं वाटणकुटण तिच्याकडे आलं. मागच्या पडवीत इडलीचं पीठ वाटायचा मोठा दगड होता. तो फिरवताना ती गुणगुणायची. एक दिवस मी ऐकलं तर ती गाणं म्हणतच नव्हती, गोष्ट सांगत होती. अम्माशी बोलत होती, दिवसभराचं काय काय, नळावर कोण कोणाशी भांडलं, आणि एकही अक्षर अडत नव्हतं. फक्त बोलणं सगळं एका ठेक्यात होतं. आखूड, लांब, लांब. आखूड, लांब, लांब. भुजंगप्रयात. अण्णांनी मांडीवर थापट्या मारून आमच्याकडून ते वृत्त इतक्यांदा घोकून घेतलं होतं की ते आमच्या हाडांत मुरलं होतं. अक्काला त्याचा असा उपयोग सापडला होता. ठेका धरला की जीभ सुटायची. दगड थांबला की पुन्हा अडायची. अम्मा पीठ काढता काढता डोळे पुसत होती. "अण्णांना सांगू नको हं," ती मला म्हणाली. "त्याचा पण धडा करतील ते." आम्ही सांगितलं नाही. पुढचे कित्येक महिने त्या पडवीत आम्ही तिघी भुजंगप्रयातात बोललो, आणि माझ्या आठवणीतलं आमच्या घरातलं खरं बोलणं तेवढंच आहे.

मग हुबळीचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत कारकून, घरी आई, आणि मोठेपण सगळं मामांकडे. अक्काचं अडखळणं त्यांना सांगितलेलं नव्हतं. ती लपवाछपवी अण्णांचीच. "हो-नाही यापलीकडे बोलू नकोस," त्यांनी तिला बजावलं होतं. पण मुलगी बघायला आलेली माणसं हो-नाहीवर सोडतात होय? अक्काला ते लग्न हवं होतं. मुलाचा फोटोसुद्धा तिनं धड पाहिला नव्हता, तरी हवं होतं. पडवीत दगड फिरवत ती मला म्हणाली होती, तिथं कुणीही मला उभं करून अलंकार विचारणार नाही, मीठ घाल म्हणतील, दार लाव म्हणतील, एवढंच, आणि मला तेवढं पुष्कळ झालं. तेव्हा आम्ही ठरवलं की उत्तरं आधीच बांधायची. मुलगी बघण्याचा पेपर सदा फुटलेलाच असतो. नाव काय, स्वयंपाक काय येतो, शिक्षण किती. अक्कानं एकेक ओळ रचली, साध्या बोलण्यासारखी दिसेल अशी. मी सासू होऊन प्रश्न विचारायची आणि ती पदराआड बोटानं ठेका धरून उत्तर द्यायची. अम्मा म्हणायची, "स्वल्प हळू गं. गाणं वाटलं नाही पायजे." आठवड्याभरात ते गाणं वाटेनासं झालं.

पाहुणे सकाळी आले. अम्मानं उप्पिट्टू आणि केसरीभात केला होता, आणि अण्णांनी मला सकाळीच ताकीद दिली होती की पाहुण्यांसमोर त्याला उपमा आणि शिराच म्हणायचं. अक्का अंजिरी रंगाचं लुगडं नेसून, मोगऱ्याचा गजरा माळून पाटावर बसली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते. मुलाची आई स्थूल, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. तिनं ताटली हातात घेतली आणि विचारलं, "नाव काय गं बाळ तुझं?"

अक्काच्या पायाचा अंगठा जमिनीवर हलकेच आपटला.

"घरी नाव इंदू नि शाळेत तेच," ती म्हणाली.

एक अक्षर अडलं नाही. अम्माचा हात माझ्या खांद्यावर होता.

"स्वयंपाक येतोय की सगळा?"

"जमे भात, भाजी नि पोळ्या कराया."

मग मुलानं स्वतः विचारलं. तो सडपातळ, चष्मा लावलेला, फार संकोची माणूस होता. "शिक्षण किती झालंय तुमचं?" तो अहो-जाहो करत होता हे मला आजही आठवतं, कारण अक्काला आयुष्यात तसं कोणीच म्हटलं नव्हतं.

"शिकाया मिळाले तसे फार नाही," अक्का म्हणाली, आणि त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती. त्याला ती आवडली होती. ते लहान मुलीलाही कळेल इतकं उघड होतं. त्याची आई अम्माकडे वळून म्हणाली, "मोकळी बोलतीय हो पोरगी. आमच्या कानावर उगीच कुणी काय काय घातलं होतं." अम्मा नुसती हसली. मामांनी खिशातून पंचांग काढलं. मी मनातल्या मनात अक्काला हुबळीच्या गाडीत बसवून मोकळी झाले.

आणि मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. उजव्या हाताची बोटं मांडीवर पडत होती, आखूड, लांब, लांब. त्यांची नजर अक्काच्या अंगठ्यावर होती. मग त्यांच्या तोंडावर असा आनंद फुटला, जो मी ना माझ्या पहिल्या नंबराला पाहिला होता, ना पुढे माझ्या लग्नात पाहिला.

"अहो, थांबा थांबा!" ते म्हणाले. "तुमच्या ध्यानात आलं का? ही उत्तरं नाहीत नुसती. हे भुजंगप्रयात आहे! य, य, य, य. चार यगण. घ-री-ना, व-इं-दू, नि-शा-ळे, त-ते-च. शेवटचा लघु गुरू धरायचा. पोरगी वृत्तात बोलते आहे! पुण्यात दाखवा असं एक घर!"

मामांनी पंचांग मिटलं. "वृत्तात? ते कशाला हो?"

मुलाच्या आईचा हसरा चेहरा जरा सावध झाला. "म्हणजे पाठ करून घेतलं होतं होय तिच्याकडून?"

"पाठ?" अण्णांना ते बाणासारखं लागलं. "माझ्या घरात पाठांतर नाही. समजून उमजून रचलेलं आहे. तुम्हाला आत्ता दाखवतो. इंदू, तेच गद्यात सांग."

अम्मा पुढे झाली. पाहुण्यांसमोर पुरुषांच्या बोलण्यात ती कधी पडायची नाही, पण पडली. "अहो, राहू द्या की. कॉफी निवतीय. स्वल्प..."

"स्वल्प नव्हे, थोडी," अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले. "इंदू. गद्यात. नाव सांग आपलं."

अम्मा मरेपर्यंत म्हणत राहिली की त्या क्षणी ते विसरले होते, मुलीची जीभ अडते हे आनंदाच्या भरात विसरले होते. मी म्हणते, अण्णा काही विसरत नसत. त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना त्याची किंमत वाटली नाही. शिकवणी खरी ठरणं त्यांना मुलगी खपण्यापेक्षा मोठं वाटलं. अम्माला तसं मानणं परवडणारं नव्हतं, तिला त्याच घरात राहायचं होतं.

अक्काचा अंगठा पुन्हा जमिनीवर पडला.

"पाय हलवू नकोस," अण्णा म्हणाले. "गद्याला ठेका नसतो."

अंगठा थांबला. अक्कानं तोंड उघडलं. "मा... मा... मा... मा..." तिच्या मानेची शीर ताठ झाली, डोळे मिटले गेले, गजऱ्यातली फुलं हलायला लागली. "मा... मा..." अण्णा वर्गातल्या पोराची वाट बघावी तसे बोट वर करून वाट बघत होते. बाहेर नळावर कुणाची तरी घागर भरून वाहत होती आणि ती कुणी उचलत नव्हतं. मुलाच्या आईनं केसरीभाताची ताटली खाली ठेवली. मुलगा दाराबाहेर काढलेल्या आपल्या चपलांकडे पाहत होता. त्यानं तरी काही बोलायला हवं होतं. "मला चालेल" एवढे दोन शब्द, त्याला काही अडत नव्हतं. तो बोलला नाही, आणि त्याच्या चांगुलपणाचं मला काडीचं कौतुक उरलं नाही.

"बस बाळ, बस," शेवटी मामा म्हणाले, आणि उठले. दारात त्यांनी अण्णांना हात जोडले. "मुलगी गुणाची आहे, मास्तर. पण संसार करायचा तो काय पद्यात करायचा? कळवतो आम्ही." वठारातल्या सगळ्या दारांत बायका उभ्या होत्या. झटका वळून जाईपर्यंत कोणी आत गेलं नाही.

कळवलं नाही हे सांगायला नकोच. नंतरची स्थळं आली ती बिजवरांची, आणि तीही दाराशी आली तशी गेली. अक्कानं लग्न केलं नाही. पुढे ती घड्याळं जोडायच्या कारखान्यात लागली, तिथे दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचं असे आणि बोलायचं काम नसे. पडवीतलं ते बोलणं मात्र तिनं त्या सकाळी जे सोडलं ते सोडलंच. मी कितीदा तरी दगडापाशी बसून ठेका धरला, ती उठून जायची. मला वाईट वाटायचं, रागही यायचा, कारण ते बोलणं माझंही होतं.

पाहुणे गेल्यावर अम्मा अण्णांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण केलंत." इतक्या वर्षांत तिनं त्यांना सुनावलेलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य. अण्णांनी ते ऐकलंच नाही. ते आरामखुर्चीत बसून छताकडे पाहत होते, बोटं अजून मांडीवर पडत होती. अक्का अंजिरी लुगड्यातच खाली बसून उष्टे पेले गोळा करत होती.

"इंदू," अण्णांनी हाक मारली. आवाज चक्क मायेचा होता. "रचना चांगली आहे. मी तुला कमी लेखलं होतं. फक्त तिसऱ्या ओळीत यती चुकला तुझा. विसावा सहाव्या अक्षराशी घ्यायचा, 'मिळाले'च्या पुढे. तू 'शिकाया' म्हणूनच थांबलीस."

अक्कानं पेले खाली ठेवले. अंगठा नाही, बोट नाही, काही न हलवता ती बोलली, आणि ते बोलायला तिला फार वेळ लागला.

"ति-तिथं श्वा... श्वास घेतला मी, अण्णा. तो श-शब्द म्हटला की म-मला दम लागतो."

"तिथे श्वास घ्यायचा नसतो," अण्णा म्हणाले, आणि पानं मांडायला सांगितली.